कुर्डुवाडी जंक्शन, १:८७ : रूळ टाकून झाले

कुर्डुवाडी स्टेशनचं खऱ्याच्या १/८७ मापाचं मॉडेल करतोय. इतक्या महिन्यांत फक्त रूळ झाले. आठ फुटी फळीवर अजून सिग्नलचा एक खांबही नाही, तरी जीव सुखावला आहे. कुर्डुवाडी म्हणजे एकेकाळी दोन गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) गाठ, आणि ती आता डोळ्यांना दिसते. एकीकडे मुंबई-सोलापूर ब्रॉडगेज, दुसरीकडे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज लाइन. ही १८९७ला बार्शीला पोचली, १९०६ला पंढरपूरला, १९११ला लातूरला, १९२७ला मिरजेला. आमचे आजोबा आषाढीला इथेच गाडी बदलायचे.

नॅरोगेजने त्रास दिला नाही. ७६२ मिमीला ८७ने भागलं की ८.७६ येतात, त्यामुळे ९ मिमीचा तयार रूळ चालून जातो. घोळ ब्रॉडगेजचा. एचओचा, म्हणजे १:८७ मॉडेलचा, तयार रूळ १६.५ मिमी, कारण तो १४३५च्या गेजचा. आपल्या १६७६चे होतात १९.३. पावणेतीन मिलिमीटर तर कमी, असं मलाही वाटलं होतं. पण दोन डबे शेजारी ठेवून समोरून पाहिले आणि धाकटी लाइन धाकटी वाटेचना! मग ब्रॉडगेज हाताने टाकायचं ठरवलं.

स्लीपर पीसीबीचे, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किटच्या पट्टीचे कापले. खरा लाकडी स्लीपर २७५० मिमी लांब, म्हणून पट्टी ३१.६ची. तांब्याच्या थराला मधोमध खाच हवीच, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात. दर चौथ्या स्लीपरला सोल्डरचा डाग दिला की लगेच कॅलिपर लावायचा.

एक चूक महागात पडली. जानेवारीच्या थंडीत रूळ टोकाला टोक भिडवून डागले. एप्रिलच्या एका दुपारी पाहतो तर लूपचा रूळ दोन डागांतून सुटून बाहेर फुगलेला. निकेल सिल्व्हर धातूचा ९० सेंमी रूळ २० अंशांच्या फरकाने पाव मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. सगळे सांधे उकलले आणि पोस्टकार्ड मध्ये धरून पुन्हा जुळवले. मे महिना निभावला.

खडी काळ्या दगडाचीच, कुटून चहाच्या गाळणीतून काढलेली. गाळणीतून पडली ती नॅरोगेजला, वर राहिली ती ब्रॉडगेजला.

आता चाकं १९.३ला रुंद करायची आहेत, त्यासाठी लांब आस कुणी लेथवर काढून घेतले असतील तर मापं कळवा. तोवर मालधक्का घेतो. एका अंगाला मोठी वाघिण, दुसऱ्या अंगाला छोटी, आणि मधे पोती पाठीवर घेतलेले हमाल. पहिला हमाल तारेचा वळून झाला आहे. उंची १९ मिमी, पोतं अजून ओलं आहे.