बसथांब्यावरचं छप्पर

जुलै म्हणजे आमच्याकडे, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ऐन हिवाळा. २०२३ च्या जुलैत सासूबाई नाशिकहून नातीला बघायला आल्या होत्या. एके सकाळी डॉक्टरांकडे जायला आम्ही दोघी बसथांब्यावर उभ्या होतो. थांबा म्हणजे नुसता खांब आणि त्यावर पाटी. दक्षिणेचा वारा सुटला. इथे त्याला ‘सदर्ली’ म्हणतात, थेट अंटार्क्टिकाकडून येतो तो. पाठोपाठ बर्फाळ पाऊस. बस वीस मिनिटं उशिरा आली, तोवर आईंची शाल निथळत होती. “इथे एक पत्रा टाकायला कुणाला सांगायचं गं?” त्यांनी विचारलं. मला सांगता येईना.

नाशिकला असते तर नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात गेले असते. इथे आधी बसवाल्यांना फोन केला, तेव्हा कळलं की बस रीजनल कौन्सिलची, म्हणजे सगळ्या प्रदेशाच्या परिषदेची, आणि थांबा सिटी कौन्सिलचा, म्हणजे महापालिकेचा. सिटी कौन्सिलने तक्रार क्रमांक दिला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, ‘हा थांबा यादीत आहे.’ यादीत कितवा, काम कधी होणार, काही नाही. लेकीला घेऊन ग्रंथालयात बालगीतांच्या तासाला जायचे, तिथल्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “कम्युनिटी बोर्डाकडे का जात नाहीस?”

कायमच्या रहिवाशाला इथे नागरिक नसतानाही मत देता येतं. २०२२ च्या स्थानिक निवडणुकीत पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर कम्युनिटी बोर्डाचा रकाना मात्र मी कोरा सोडला होता, कारण हे काय असतं तेच ठाऊक नव्हतं. आता वाचून काढलं. स्थानिक संस्थांच्या १९८९ च्या फेररचनेत ही बोर्डं आली, सध्या २००२ चा स्थानिक शासन कायदा त्यांना लागू आहे. शहराच्या एकेका भागासाठी एक बोर्ड, सदस्य ४ ते १२. निम्म्याहून जास्त थेट निवडून आलेले, उरलेले त्या भागातले नगरसेवक, कौन्सिलने नेमलेले. ख्राइस्टचर्चमध्ये अशी सहा बोर्डं आहेत. ऑकलंडमध्ये २०१० पासून वेगळ्या कायद्याने २१ ‘लोकल बोर्डं’ आहेत, त्यांचे अधिकार जास्त. कम्युनिटी बोर्डाला कर लावता येत नाही, जमीन घेता येत नाही, नोकरवर्ग नेमता येत नाही. पण कायद्याने दिलेलं त्याचं पहिलंच काम आहे आपल्या भागातल्या लोकांच्या वतीने बोलणं. मला नेमकं तेच हवं होतं.

बैठकीच्या सुरुवातीला ‘पब्लिक फोरम’ असतो. आधी ईमेल करून वेळ मागायची, पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत काय सांगायचं याचा मी फार विचार केला. शेवटी तीन सकाळी थांब्यासमोर उभी राहून वहीत माणसं मोजली. नर्सिंग होममध्ये कामाला जाणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, काठी घेतलेले दोन आजोबा. फोटोही काढले.

माओरी भाषेतल्या प्रार्थनेने, कराकियाने, बैठक सुरू झाली. माझा आवाज कापत होता. बोलून झाल्यावर एका सदस्यबाईंनी विचारलं, “वारा नेमका कुठल्या बाजूने लागतो?” तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. त्या मागच्याच गल्लीत राहत होत्या.

निर्णय त्या दिवशी झाला नाही, होणारही नव्हता. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर बोर्डाला ठराव करता येत नाही. त्यांनी अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला, एवढंच. मी हिरमुसून घरी आले. पण खर्चाबाबत बोर्ड दरवर्षी कौन्सिलकडे आपलं निवेदन देतं, आणि २०२४ हे आमच्या कौन्सिलच्या दहा वर्षांच्या आराखड्याचं वर्ष होतं. बोर्डाच्या निवेदनात आमचा थांबा नावानिशी आला. मीही स्वतःचं वेगळं निवेदन दिलं. जुलैपासून सुरू झालेल्या नव्या आर्थिक वर्षात पैसे मंजूर झाले.

आता काम होणार असं वाटलं, तर हरकत आली. फुटपाथवर प्रवाशांसाठी निवारा बांधायचा तर ज्यांच्या दारासमोर अडचण होण्याजोगी असेल त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. १९७४ च्या स्थानिक शासन कायद्याचं ३३९ वं कलम. चौदा दिवसांत त्यांना हरकत घेता येते, आणि घेतली तर म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. शेजारच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांनी ती घेतली. मला राग आला. एवढी माणसं भिजतात आणि एका घरासाठी अडायचं!

सुनावणी बोर्डासमोर होती, कौन्सिलने हा अधिकार त्यांच्याकडे सोपवलेला. ते गृहस्थ आपल्या गाडीच्या सीटवरून काढलेला फोटो घेऊन आले होते. निवारा झाला तर गाडी मागे घेताना फुटपाथवरून शाळेत जाणारी मुलं दिसणार नाहीत, असं ते म्हणाले. खरं होतं ते. माझ्या सगळ्या फोटोंत बसची वाट पाहणारी माणसं होती, चालत जाणारं मूल एकाही फोटोत नव्हतं. बोर्ड माझ्या बाजूचं आहे असं मी धरून चालले होते. पण ते तितकंच त्यांचंही होतं, आणि त्या तासाभरात बोर्डाने आम्हा दोघांचंही म्हणणं सारख्याच शांतपणे ऐकलं.

निवारा चार मीटर पुढे सरकवायचा आणि त्यांच्या बाजूला पत्र्याऐवजी काच लावायची, असं ठरलं. मग त्या सदस्यबाईंनी नकाशा उलगडला. मोकळी बाजू दक्षिणेला दाखवली होती. “इथून तर सदर्ली येतो,” त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

२०२५ च्या एप्रिलमध्ये काम झालं. आईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं आणि विचारलं, “त्या बाजूने वारा येत नाही ना?”

“नाही आई. ती बाजू बंद केलीय.”