मांडा ज्वारीचा का होत नाही

हल्ली प्रोटीन म्हटलं की मागोमाग ग्रॅम येतो. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम, दह्याच्या डब्यावर ग्रॅम, जिमच्या पाटीवर ग्रॅम. जळगावात शिकणारा माझा भाचा सुट्टीत घरी आला की ताटातलं सगळं मोबाईलमध्ये नोंदवत बसतो. भाकरी वाढायला गेलं की आधी प्रश्न, "फुई, हिच्यात किती?"

तर शंभर ग्रॅम ज्वारीत असतात साधारण दहा ग्रॅम प्रथिनं, आणि शंभर ग्रॅम कणकेत साडेदहाच्या आसपास. म्हणजे कागदावर दोघी जवळपास सारख्याच. ठीक आहे. मग येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुणीतरी दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, पिठाचा मांडा, ती खापरावरची मोठी पुरणपोळी, करून दाखवावा. आमरसाचं अख्खं पातेलं मी त्याच्यापुढे ठेवीन.

ज्यांनी मांडा नुसता खाल्लाय त्यांना तो पुरणाचा वाटतो. करणाऱ्या बायकांचं चित्त मात्र कणकेत असतं. पीठ कपड्यातून गाळून घ्यायचं, कोंडा नावाला राहू द्यायचा नाही. मिठाच्या पाण्यात भिजवायचं आणि मग तिंबायचं. आपटायचं, पाण्याचा हात लावून ओढायचं, पुन्हा आपटायचं. सैल आणि चिवट, दोन्ही एकदम झालं की झाकून ठेवायचं. मग पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत, मनगटाकडून कोपराकडे फिरवत वाढवत न्यायचा आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. एवढं पुरण पोटात घेऊन तो पापुद्रा हातभर ताणला जातो आणि फाटत नाही.

हे सगळं काम गव्हातल्या दोन प्रथिनांचं, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. कोरड्या पिठात दोघं गुमान पडून असतात. पाणी मिळालं, हात लागला की एकमेकांत गुंततात आणि त्याचं ग्लुटेन होतं. ग्लुटेनिनच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या जोडांनी एकमेकींना धरतात, ओढलं की परत आखडतात. ग्लायडिन त्यांना सरकायला वाव देतं. एकट्या ग्लुटेनिनची कणीक ताणताना हट्टाने मागे आली असती, एकट्या ग्लायडिनची ओघळून गेली असती. कोंड्याचे कण हे जाळं कापतात, म्हणून पीठ वस्त्रगाळ. मीठ जाळ्याला आवळतं. झाकून ठेवलं की आलेला ताण निवळतो. बोलोन्याच्या बेकारी नावाच्या प्राध्यापकांनी (नावावर जाऊ नका, माणूस भलताच उद्योगी होता) कणीक पाण्याखाली धुऊन हे ग्लुटेन वेगळं काढलं. त्यांचा लेख १७४५ साली छापून आला. आपल्या मोरीतही हे जमतं. कणकेचा गोळा नळाखाली चोळत राहा, पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. हातात उरतो तो राखाडी, रबरासारखा चिकट गोळा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. जात वीसच प्रकारची, पण त्यांचा क्रम ठरलेला, आणि त्या क्रमानुसार साखळी वळते, दुमडते, एक नेमका आकार घेते. काम करतो तो आकार. बाजेची सुतळी उकलून ठेवली तर तिचं वजन तेवढंच भरेल, पण झोपणार कशावर? फरक इतकाच की बाज विणायला माणूस लागतो. क्रिस्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन रसायनं घालून पुरतं उकललं, मग ती रसायनं काढून घेतली, तर ते आपलं आपणच पुन्हा विणलं गेलं आणि कामाला लागलं. १९७२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता. ही साखळी कुठे वळू शकते आणि कुठे अणूच अणूला आडवे येतात, याचा नकाशा मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन यांच्या चमूने १९६३ साली मांडला. तो आजही जगभर त्यांच्याच नावाने वापरतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांची भेट उशिरा होते. याचा मला राग आहे.

ज्वारीतल्या प्रथिनाचं नाव काफिरिन. ते पाण्याला बिचकतं. दाण्यात बारीक गोल कणांत कोंडून बसलेलं असतं आणि कितीही मळा, जाळं काही विणत नाही. म्हणून भाकरीला गरम पाणी. उकळत्या पाण्याने स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पिठाला धरून ठेवतो. भाकरी उभी आहे ती स्टार्चच्या भरवशावर. ती थापावी लागते, ताणता येत नाही.

स्वयंपाकघरात आकार चुकला तर फार तर भाकरीला चिरा पडतात. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, आकाराचीच गोष्ट रक्तात आहे. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या, त्यातल्या दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं तिथे व्हॅलिन आलं, की झालं. हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ साली शोधलं. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिनला आवडत नाही. ऑक्सिजन सोडून दिला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन बसतं, त्याचं पुढच्याच्या, आणि एकाला एक लागून लांब ताठ दोर तयार होतात. गोल लवचिक पेशी विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस वेदनेने तळमळतो. वजनाच्या काट्यावर दोन्ही हिमोग्लोबिनांत फरक जवळपास काहीच नाही. आई-बाप दोघांकडून हा दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत तो पिढ्यानपिढ्या टिकून राहिला तो त्यामुळे.

पण ग्रॅमची मी फार थट्टा करू नये. त्याच डोंगरात कुपोषण आहे, आणि जिथे ताटच अर्धं आहे तिथे ग्रॅम मोजलेच पाहिजेत. तिथे मोजणं हा शौक नाही. भाच्याचं ताट मात्र भरलेलं आहे; त्याने ग्रॅमच्या पुढे जाऊन कुठली अमिनो आम्लं मिळतात ते विचारावं. ज्वारीत लायसिन कमी. शरीराला ते बनवता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. आणि ते तुटपुंजं असलं की बाकीची अमिनो आम्लं असूनही शरीराला आपली प्रथिनं पुरेशी बांधता येत नाहीत. उडदात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते ज्वारीत त्या मानाने बरं. दोन्ही एकत्र दळली की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

म्हणजे कळण्याची भाकरी. सालासकट उडीद आणि ज्वारी, चवीला मीठ, वर भरीत किंवा ठेचा आणि कच्च्या तेलाची धार. आमच्या घरी ती कुणी लायसिनसाठी केली नाही, चवीसाठीच केली. भाचाही ती नोंदवायला विसरून खातो. आता राहिला उडीद किती घालायचा हा प्रश्न. माझ्या माहेरी जरा हात सैल सोडून, सासरी बेताने. सासूबाई म्हणतात, जास्त उडदाने भाकरी तोंडात चिकटते. मला ती चिकटलेलीच आवडते.