साठ की आठ?

भाजीवाला "साठ" म्हणाला आणि मी दहाची नोट पुढे करून दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभा राहिलो. आजकाल आठ रुपयांत मूठभर कोथिंबीरही येत नाही, हे डोक्यात यायला हवं होतं. पण कानांनी 'आठ' सांगितलं आणि मी ऐकलं. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगर बाजारातला हा प्रसंग हिने पाहिला, आणि त्याच आठवड्यात माझ्या कानांची तपासणी झाली.

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे त्या तपासणीच्या ग्राफमध्ये, खालचे सूर बरे होते, 2000 हर्ट्झच्या पुढे रेघ उतरत गेली होती. 'स', 'श' यांचा आवाज त्याच वरच्या पट्टीत असतो, म्हणून साठचं आठ. त्या ग्राफवरून कानांत दोन ऐकण्याची मशिनं बसवली. दुकानातल्या बंद खोलीत कागदाची सळसळसुद्धा ऐकू आली. मी खूश होऊन पैसे मोजले.

मग भाच्याच्या मुलाची मुंज आली. बँड, पंगती, लहान मुलांचा दंगा. शेजारी बसलेले साडू काय बोलत होते, देव जाणे. तीन वेळा "काय?" विचारलं की चौथ्यांदा माणूस नुसता हसतो. दुकानदाराने आवाज वाढवून दिला, तसा बँडही वाढला.

दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथली ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानांची तपासणी करणारी, तरुण पोरगी, हिंदी बोलणारी, मला 'अंकल' म्हणायची. तिचं म्हणणं असं की ग्राफ फक्त शिट्टी किती बारीक ऐकू येते ते सांगतो. एकसारखा ग्राफ असलेली दोन माणसं गर्दीत अगदी वेगळी वागू शकतात. डच शास्त्रज्ञ प्लॉम्प यांनी 1978 मध्येच हे दोन तोटे वेगळे मांडले होते : आवाज कमी पोचणं आणि पोचलेला आवाज विस्कटणं. पहिल्यावर मशीन चालतं. दुसऱ्यावर फारसं नाही.

तिने बूथमध्ये बसवून हेडफोन लावले. हिंदी वाक्यं, मागे चार जणांची एकत्र बडबड. सहा वाक्यं, प्रत्येकात मोजायचे पाच शब्द. पहिलं वाक्य गोंगाटापेक्षा 25 डेसिबल वर, मग दर वाक्याला 5 ने खाली, शेवटचं गोंगाटाच्या बरोबरीने. आवाज मुद्दाम मोठा ठेवलेला, म्हणजे 'ऐकूच आलं नाही' ही सबब उरत नाही. पहिली तीन वाक्यं मी शाळेतल्या हुशार पोरासारखी म्हणून दाखवली. पाचव्याला 'माली'च्या जागी 'गाडी' म्हणालो, तीही ठामपणे. सहाव्याला गप्प बसलो.

30 शब्दांपैकी 17 बरोबर. या चाचणीच्या ठरलेल्या सूत्राने साडेसत्तावीसमधून 17 वजा, उरले साडेदहा : निम्मे शब्द कळायला मला बोलणं गोंगाटापेक्षा इतके डेसिबल वर लागतं. चांगल्या कानाला 2 पुरतात. म्हणजे साडेआठचा तोटा.

मग तिने कागदावर हिशेब मांडला. मशीनचे समोरच्या दिशेचे माइक दोन-तीन डेसिबल मिळवून देतील, बाकीचं कुठून आणायचं? बोलणाऱ्याच्या जवळून. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत साधारण 6 डेसिबल वाढतात. म्हणून समोरच्याच्या कॉलरला लावायचा छोटा माइक, जो थेट मशिनात बोलतो. "सराफ्यात माइकशिवाय अर्ध्याहून कमी कळेल, अंकल," ती म्हणाली. सराफा म्हणजे आमचा रात्रीचा गजबजलेला खाऊबाजार. हे पहिल्या दुकानात कुणी सांगितलं असतं तर मुंजीत मी निदान भिंतीला पाठ लावून बसलो असतो.

अंदाज पडताळायला रात्री दहाला सराफ्यात गेलो. सोन्याची दुकानं बंद, कढया सुरू. जावयाने दहा साधी वाक्यं बोलायची, मी परत म्हणायची. माइकशिवाय चार. माइक लावून नऊ. दहाव्याच्या वेळी मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तो मी धरत नाही. एक मात्र तिच्या आकड्यात नव्हतं : अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं आणि मीच मशिनं काढून खिशात टाकली.

पुढच्या खेपेला माइक नातीच्या फ्रॉकला लावला. तिने भुट्ट्याचा कीस घेतला, आणि घरी येईपर्यंत मला फक्त तिचं चावणं ऐकू आलं. अगदी स्वच्छ.