दोनशे पौंड आणि अकरा टक्के

गुरुवार, रात्री साडेदहा

गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणून आमच्या संध्याकाळच्या तुकडीचा वर्ग खऱ्या अर्थाने भरतो तो गुरुवारीच. एरवी फर्स्ट शिफ्ट करून आलेली मुलं पेंगत असतात आणि सेकंडवाली येतच नाहीत. आज सगळी भांग पाडून हजर. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’ संपवून चर्चा घ्यायची होती. फळ्यावर मी आधीच लिहून ठेवलं होतं: नियती. त्याखाली: हाव. बारा वर्षं हेच दोन शब्द लिहीत आलेय, हात आपोआप चालतो.

गोष्ट १९०२ सालची. व्हाइट म्हातारा-म्हातारी आणि त्यांचा कमावता मुलगा हर्बर्ट. हिंदुस्थानात २१ वर्षं काढून आलेला सार्जंट-मेजर त्यांना एक वाळलेला माकडाचा पंजा दाखवतो. एका फकिरानं तो मंतरलेला, तीन माणसांना तीन-तीन वर देणारा. (‘फकीर आपला, पंजा आपला, आणि वर गोऱ्यांना?’ हे मागच्या बाकावरून आलंच. हशा झाला, मीही हसले.) म्हातारा गंमत म्हणून २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी हर्बर्ट कारखान्यात मशीनमध्ये सापडून जातो, आणि कंपनी भरपाई देते, नेमकी २०० पौंड.

मी म्हटलं, ‘तर यातून हाव कशी दिसते?’

पुढच्या बाकावर एक बाई बसतात, दोन मुलांची आई, पॅकिंग लाइनवर काम करतात. सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, हाव कुठंय? घर सोडवायला मागितले ना त्यांनी? लोनच होतं की घरावर.’

पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर. घर मोकळं होईल एवढेच माग, दोनशेत भागेल, असं हर्बर्टच बापाला सुचवतो. म्हाताऱ्याला तर काय मागावं तेच सुचत नसतं, लागतं ते सगळं आहे असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणतो. घराचा हप्ता फिटावा म्हणणाऱ्याला हावरट म्हणायचं तर आमच्या वर्गातले निम्मे हावरट, आणि मीही. ‘हाव’ पुसून टाकलं. गाइडवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

मग आम्ही अडकलो ते कंपनीच्या माणसापाशी. मला वाटलं होतं मुलांना शेवटचा भाग हवा असेल, दारावरची ती ठकठक. पण नाही. तो माणूस भारी कपडे, नवी कोरी रेशमी हॅट घालून येतो. फाटकाशी तीनदा घुटमळतो, चौथ्यांदा आत शिरतो. म्हातारी घाईघाईनं एप्रन सोडून खुर्चीच्या उशीखाली सारते, नवऱ्याच्या मळक्या कोटाबद्दल माफी मागते. तो बोलायच्या आधी वाकून पँटवरचा कापसाचा एक धागा टिपतो. लागलंय का हर्बर्टला, असं ती विचारते. तो म्हणतो, फार लागलंय, पण आता वेदना नाहीत. ‘देवाची कृपा,’ म्हणते बिचारी, आणि वाक्य पुरं होता होता तिला अर्थ लागतो.

वर्गात पंख्याचा आवाज तेवढा.

‘कंपनी कसलीही जबाबदारी मान्य करत नाही, पण तुमच्या मुलाच्या सेवेचा विचार करून काही रक्कम देऊ इच्छिते,’ असा मी मराठीत अर्थ सांगितला, तर खिडकीजवळचा एक जण पटकन म्हणाला, ‘माणुसकीच्या नात्याने.’ तीन-चार जण एकदम हसले. ते हसू मला ओळखीचं नव्हतं. मग कळलं, अपघात झाला की मालक हेच शब्द वापरतो आणि पाकीट पुढे करतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

मी सहज सांगून गेले की इंग्लंडात १८९७ सालीच कामगार भरपाईचा कायदा झाला होता. कामावर जीव गेला तर त्याच्यावर पूर्ण अवलंबून असणाऱ्यांना तीन वर्षांचा पगार किंवा १५० पौंड, यातलं जास्त असेल ते, पण ३०० च्या वर नाही. कॉमर्सचीच मुलं ती. एकानं लगेच वहीच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. दोनशे भागिले तीन, भागिले बावन्न. पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे आठवड्याला पंचवीस-सव्वीस शिलिंग. गोष्टीत हर्बर्टचा पगार कुठेच दिलेला नाही, हा आपला हिशोब. पण तो वर बघून म्हणाला, ‘मॅडम, मग हे हक्काचेच निघत असतील की. उपकार कसला दाखवतोय हा?’

बारा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. जेकब्ज मुळात विनोदी लिहिणारा, लंडनमधल्या वॅपिंगच्या धक्क्यावर वाढलेला, लिखाणावर पोट भरेपर्यंत पोस्टाच्या सेव्हिंग्ज बँकेत कारकुनी केलेला. माणसांच्या आयुष्यातल्या रकमा रोज बघणारा माणूस. २०० हा आकडा त्यानं उगाच निवडला असेल असं मला आता वाटत नाही. सिद्ध करता येणार नाही, पण वाटत नाही.

तेवढ्यात हिशोब करणाऱ्यानं उजवा हात वर धरला. पॉवर प्रेसवर डाय लावताना तर्जनीची दोन पेरं गेलेली. पेन तो मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरतो, हे मी वर्षभर पाहतेय, कधी विचारलं नाही. ‘आपल्याकडे यादी असते मॅडम, काय तुटलं तर कमाईची ताकद किती गेली धरायची त्याची. अख्खी तर्जनी १४ टक्के. दोन पेरं ११. अंगठा ३०.’ भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ‘मेडिकल बोर्डानं माझ्या कागदावर ११ लिहिलंय.’

मला काय बोलावं कळेना. पॅकिंगवाल्या बाईंनीच सावरलं. त्या म्हणाल्या, ‘पुढचं घ्या ना, ती आई स्टुलावर चढते ते.’

स्टूल नाही, खुर्ची. वरच्या कडीला तिचा हात पुरत नाही. तिच्याच हट्टानं म्हाताऱ्यानं दुसरा वर मागितलाय, मुलगा जिवंत व्हावा म्हणून. दहा दिवसांपूर्वी गेलेला मुलगा दारात आलाय अशी तिची खात्री, आणि मागे अंधारात नवरा गुडघ्यावर बसून पंजा चाचपडतोय, तिसरा वर मागून त्याला परत पाठवायला. इथे वर्ग दुभंगला. पोरं बापाच्या बाजूनं: त्यानं मुलाचं काय झालं होतं ते पाहिलेलं, कपड्यांवरून ओळख पटवलेली. बाई म्हणाल्या, ‘मग? दारात उभं केल्यावर ओळख नाही म्हणायचं?’ ठाम आवाज त्यांचा. ‘कसाही असू दे. मी उघडलं असतं.’

एका मुलाचं म्हणणं, दारात कुणी नव्हतंच. पैसे योगायोगानं आले, ठकठक वाऱ्याची. जेकब्ज त्यालाही वाव ठेवतो खरा. कडी निघते तेव्हा समोर रिकामा रस्ता आणि लुकलुकणारा दिवा, बस. पण त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही.

घंटा झाली. वह्या आवरताना अकरा टक्केवाला टेबलापाशी आला. ‘मॅडम, परीक्षेला थीम आली तर काय लिहायचं? नियती का?’

‘नियतीच लिही,’ मी म्हटलं. ‘उत्तरसूचीत तेच असतं.’

त्यानं मान डोलावली आणि फळ्यावरचा शब्द उतरवून घेतला, मधल्या बोटात पेन धरून, सावकाश. भागाकाराच्या बरोबर खाली.