वादी मैत्रीण, प्रतिवादी मी

एडिसन, न्यू जर्सी
शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

आज माझी जबानी झाली. वकिलांच्या कचेरीतल्या लांबट टेबलाच्या एका बाजूला मी आणि विमा कंपनीने माझ्यासाठी नेमलेले वकील, समोर ती आणि तिचे वकील, आणि टोकाशी आमचा प्रत्येक शब्द यंत्रावर टिपून घेणारी एक बाई, एवढीच माणसे खोलीत होती. जिच्याबरोबर मी अकरा वर्षे भिशी, डोहाळजेवणे, मुलांच्या मराठी शाळेच्या फेऱ्या आणि दोघींच्या सासूबाईंची आजारपणे वाटून घेतली, तिच्यासमोर आज मी हात वर करून खरे सांगण्याची शपथ घेतली. घरी आल्यावर घास घशाखाली उतरला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पुढच्या महिन्यात त्या गोष्टीला दोन वर्षे होतील. गौरींचे हळदीकुंकू होते, घर बायकांनी भरले होते आणि दुपारपासून पावसाची भुरभुर चालू होती. आमच्या घरामागे लाकडी डेक आहे आणि तिथून अंगणात उतरायला सहा पायऱ्या आहेत. त्यांतल्या वरून तिसऱ्या पायरीची फळी डाव्या बाजूला खिळ्यांतून सुटली होती. त्या बाजूला पाय पडला की फळी हलायची. घरातल्या आम्हा चौघांना ते इतके सवयीचे झाले होते की आम्ही न बघताच उजव्या कडेने उतरायचो. नवी फळी आणि स्क्रू जुलैतच आणून गॅरेजमध्ये ठेवले होते. त्या संध्याकाळी पाने वाढून झाली आणि मीच तिला म्हणाले, "अगं, जरा मुलांना हाक मार ना, अंगणातच आहेत." ती माझ्याच मुलाचे नाव घेत पायऱ्या उतरली. फळीचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, आणि तो कशाचा आहे हे मला त्याच क्षणी कळले होते.

ती उजव्या हातावर पडली. मनगटाची हाडे मोडली, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि हातात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांचे दात साफ करण्याचे काम करते, आणि तिला पगार तासांवर मिळतो. ज्या हाताने अवजार धरायचे तोच हात गेल्यामुळे ती चौदा आठवडे घरी बसली. तिच्या आरोग्य विम्यात पहिले चार हजार डॉलर स्वतः भरावे लागतात, ते वेगळेच. मी रोज डबा पाठवत होते, तिच्या मुलीची वेणी घालून देत होते, आणि पैशांचा विषय दोघीही काढत नव्हतो.

आमच्या घराच्या विम्यात पाहुण्याला इजा झाली तर कोणाची चूक आहे हे न पाहता वैद्यकीय खर्चासाठी काही रक्कम देण्याची सोय असते. आमच्या पॉलिसीत ती रक्कम एक हजार डॉलर होती आणि ती लगेच मिळाली. उरलेला खर्च आपण द्यावा असे आम्हा नवरा-बायकोचे ठरलेही होते, पण विम्याच्या एजंटने पॉलिसीतले एक कलम वाचून दाखवले. जागच्या जागी केलेल्या प्रथमोपचारांपलीकडे विमाधारकाने आपणहून काही रक्कम दिली किंवा कसली जबाबदारी पत्करली, तर तो खर्च त्याचा स्वतःचा, कंपनीचा नाही. शिवाय असे पैसे देणे म्हणजे चूक कबूल केल्यासारखे दिसेल, असेही त्याने सांगितले. आम्ही घाबरलो. घर कर्जावर आहे, मुलांची शिक्षणे समोर आहेत. पैसे दिले नाहीत, आणि का देत नाही हे तिला सांगितलेही नाही. हा माझा पहिला अपराध, असे मला आज वाटते.

चार महिन्यांनी तिच्या वकिलांचे पत्र आले. ते विमा कंपनीकडे गेले, कंपनीने देऊ केलेली रक्कम तिच्या बुडालेल्या पगाराइतकीही नव्हती, आणि गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी कढी गॅसवर असताना एका अनोळखी माणसाने दारात माझे नाव विचारून हातात कागद ठेवले. इथे इजेचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि प्रतिवादीने पस्तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते, हे मला नंतर कळले. त्या वेळी मला फक्त पहिल्या पानावरची नावे दिसत होती. वर तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, खाली माझे आणि माझ्या नवऱ्याचे, आणि मधे 'विरुद्ध'. आमच्या नावांपुढे 'अज्ञात व्यक्ती १ ते १०' असेही लिहिले होते. फळी ठोकणारा सुतार किंवा आणखी कोणी पुढे निष्पन्न झाले तर त्यांच्यासाठी राखलेली ती जागा होती. तिच्या नवऱ्याचे नाव का, तर पत्नीच्या इजेमुळे तो तिच्या सहवासाला आणि सेवेला मुकला म्हणून त्याचा स्वतंत्र दावा. ज्या माणसाने त्या रात्री तिला रुग्णालयात नेताना मलाच धीर दिला होता, त्याच्या नावाने ते वाक्य वाचून मी कढी उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

पैसे विमा कंपनीच देणार असताना दावा माझ्यावर का, हा प्रश्न मला आमच्या वकिलांना विचारावा लागला. ते म्हणाले की जखमी माणसाला थेट विमा कंपनीवर दावा करता येत नाही. ज्याच्या घरात इजा झाली त्याचेच नाव घालावे लागते, आणि विमा आहे म्हणून चूकही त्याचीच असणार असे ज्यूरीपुढे सुचवताही येत नाही. म्हणजे नुकसानभरपाई देणारा पडद्यामागे आणि समोर मैत्रीण.

हे ऐकताना मला कनेक्टिकटमधला २०१५ सालचा एक खटला आठवला, तेव्हा तो सगळीकडे गाजला होता. एका बाईंनी आपल्या भाच्यावर १ लाख २७ हजार डॉलरचा दावा लावला होता. आठव्या वाढदिवसाला तो आनंदाने धावत येऊन त्यांच्या अंगावर झेपावला आणि त्या पडून त्यांचे मनगट मोडले. ब्रिजपोर्टच्या ज्यूरीने जेमतेम पंचवीस मिनिटांत दावा फेटाळला आणि त्या बाईंना काहीही मिळाले नाही. साऱ्या देशाने त्यांना नावे ठेवली. त्यांच्या वकिलांनी नंतर निवेदन काढले की त्या राज्याच्या कायद्यात विमा कंपनीचे नाव घालता येत नाही, कंपनीने एक डॉलर देऊ केला होता आणि वैद्यकीय खर्च भागवायला दुसरा मार्ग उरला नव्हता. पण तोवर लोकांचे मत बनून गेले होते. एका वाढदिवसाच्या जेवणात आम्हीही त्या बाईंना यथेच्छ बोलून घेतले होते. "आपल्याकडे असले काही होत नाही," हे वाक्य मीच म्हटले होते आणि ती माझ्या शेजारी बसून मान हलवत होती.

आपल्याकडे होत नाही, हेही खरे नाही. नाशिकला माझा मामेभाऊ मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. गाडी घसरली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. मामांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात क्लेम टाकला, त्यात जाबदार क्रमांक एक तो मित्र आणि क्रमांक दोन विमा कंपनी. "पैसे कंपनी देणार आहे, त्याच्या खिशातून काय जातंय?" असे सगळे म्हणत होते, आणि खुद्द तो मित्रच आरसी बुक आणि पॉलिसीची झेरॉक्स घेऊन आला होता. पॉलिसी फुल इन्शुरन्सची होती म्हणून निभावले. नुसता थर्ड पार्टी असता तर मागे बसलेल्याला त्यात संरक्षण नसते, आणि मग तो बोजा मित्रावरच आला असता. लोक अदालतीत तडजोड झाली आणि भरपाई मिळाली. दोघे आजही एकत्र पंढरीच्या वारीला जातात. तिथे कागदावर मित्राच्या नावाखाली कंपनीचे नाव छापलेले होते आणि मित्राशी आधी बोलणे झाले होते, या दोन गोष्टींनी किती फरक पडला असेल याचा मी आज गाडी चालवताना विचार करत होते.

आज सकाळी आधी तिची जबानी झाली आणि मला पक्षकार म्हणून तिथे बसायचे होते. माझ्या बाजूच्या वकिलांनी तिला विचारले की त्या दिवशी नऊवारी नेसली होतीस, तर साडीचा काठ पायात आला होता का. चपला कोणत्या होत्या, हातात फोन होता का, पायरी ओली असल्याचे दिसत होते का, मुलांना हाक मारताना नजर पायांकडे होती की अंगणाकडे? इथल्या कायद्यात तिची स्वतःची चूक निम्म्याहून जास्त ठरली तर तिला काहीच मिळणार नाही आणि त्याहून कमी ठरली तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कापली जाईल, म्हणून हे सगळे प्रश्न. आमच्या उत्तरातही लिहिले आहे की इजा वादीच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली. ते उत्तर माझ्या नावाने दाखल झाले आहे. मी ते लिहिले नाही, दाखल होण्यापूर्वी नीट वाचलेही नाही, पण खाली प्रतिवादी म्हणून माझे नाव आहे. गेले आठ महिने मी मनात धरून बसले होते की तिने माझे नाव कागदावर घातले, आणि त्याच आठ महिन्यांत माझ्या नावाने तिला सांगितले जात होते की दोष तुझाच आहे. तिला ती नऊवारी मीच भेट दिली होती. साडीचा प्रश्न आला तेव्हा तिने माझ्याकडे बघितले नाही, डाव्या हाताने उजवे मनगट धरून शांतपणे "नाही" म्हणाली.

दुपारी माझी पाळी आली. यजमानाला ठाऊक असलेला आणि पाहुण्याच्या ध्यानात न येणारा धोका पाहुण्याला सांगणे हे यजमानाचे कर्तव्य, असा इथला नियम आहे, त्यामुळे तिच्या वकिलांचे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. पायरी सैल आहे हे तुम्हाला माहीत होते का? आमच्या वकिलांनी आदल्या दिवशी बजावले होते की विचारले तेवढेच सांगा, पण खोटे सांगू नका. मी म्हणाले, "हो." कधीपासून? "जूनपासून." त्यांना सांगितले होते का? "नाही." ही तीन उत्तरे द्यायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. ती मी तिला दोन वर्षांपूर्वी, रुग्णालयातल्या पहिल्या रात्री द्यायला हवी होती. तिने दावा केला यात मला आता काहीही गैर वाटत नाही. चौदा आठवड्यांचा पगार, हाताची ताकद, थंडीत ठणकणारे मनगट, या सगळ्याचा खर्च तिने का सोसावा? ज्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे हप्ते भरले तो विमा याच दिवसासाठी होता. माझे तिच्याशी भांडण एवढेच की कागद येण्याआधी तिने मला एक फोन करायला हवा होता. आणि मी पायरीबद्दल तिच्याशी बोलले असते तर तिला तो फोन करणे जड गेले नसते, हेही तितकेच खरे आहे.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी योगायोगाने व्हरांड्यात एकट्या होतो. पक्षकारांना एकमेकांशी बोलायला कायद्याची बंदी नाही, पण दोन्हीकडच्या वकिलांनी प्रकरण संपेपर्यंत त्याबद्दल बोलू नका असे सांगून ठेवले आहे. ती पाण्याची बाटली उघडत होती. उजव्या हातात झाकण धरून पिळले, ते फिरले नाही, मग बाटली मांड्यांमध्ये धरून तिने डाव्या हाताने प्रयत्न केला. मनगटाच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारा तो व्रण मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. मी पुढे होऊन बाटली घेतली, उघडली आणि तिच्या हातात दिली. ती दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "पायरी दुरुस्त केलीस का गं?"

"केली. सगळ्याच फळ्या बदलल्या."

"बरं झालं. मुलं धावतात तिथून."

मग तिच्या वकिलांनी दारातून हाक मारली.

लवादाची तारीख नोव्हेंबरात आहे. तिथला निर्णय कोणा एका बाजूला मान्य झाला नाही तर खटला पुढे चालेल, आणि आमच्या वकिलांच्या मते तडजोड होईल. गौरी पुढच्या आठवड्यात आहेत. गेल्या वर्षी मी हळदीकुंकू केलेच नाही, लोकांना प्रकृतीचे कारण सांगितले. यंदाच्या आमंत्रणांची यादी फ्रिजवर लावली आहे आणि तिचे नाव दरवर्षीसारखे पहिले लिहून झाले आहे. उद्या शनिवार, सकाळी ती घरी असते. कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः तिच्या दारात जायचे मी ठरवले आहे. दाव्याबद्दल एक शब्दही काढणार नाही, तेवढे वकिलांचे ऐकेन.