जी-२२, .४० ते ९ मिमी: चिमणी गेली, दोष नखीत निघाला

जी-२२ म्हणजे .४० कॅलिबरचं ग्लॉक पिस्तूल; नळी बदलून त्यातून ९ मिमीची काडतुसं झाडायची, हे काम चालू आहे. सलग २०० गोळ्या झाडल्या आणि एकही पुंगळी अडकली नाही. मागच्या दोन नोंदींत जिने डोकं खाल्लं होतं ती 'चिमणी', म्हणजे इजेक्शन पोर्टमध्ये (वरच्या सरकत्या भागातली, म्हणजे स्लाइडमधली, पुंगळी बाहेर पडायची खिडकी) उभी अडकणारी रिकामी पुंगळी, अखेर गेली. दोष नळीत नव्हता, मॅगझिनमध्ये नव्हता, आणि ज्या रिकॉइल स्प्रिंगवर सगळ्यांचा संशय होता तिच्यात तर नव्हताच. तो एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखीत होता.

जोडणी तीच आहे: तिसऱ्या पिढीचं, पोलिसांच्या वापरातून उतरलेलं ग्लॉक २२, ४.४९ इंची कन्व्हर्जन नळी, जी-१७ चं (९ मिमीच्या ग्लॉकचं) मूळ मॅगझिन आणि कारखान्याचीच स्प्रिंग. एफबीआय .४० सोडून परत ९ मिमीकडे वळली, तशी इतर खातीही वळली. अमेरिकेत ही जुनी जी-२२ रास्त भावात मिळू लागली ती त्यामुळेच, आणि या कन्व्हर्जनला अर्थ आहे तोही त्यामुळेच.

काहींनी विचारलं होतं की जी-१७ ची साधी नळीच का टाकू नये. टाकू नका. तिचं हूड (चेंबरवरचा मागचा भाग) .४० च्या स्लाइडमध्ये अरुंद पडतं, बाजूला फट राहते आणि नळी दर वेळी वेगळ्या जागी बसते. कन्व्हर्जन नळी बाहेरून .४० च्या मापाची असते, फक्त चेंबर आणि बोअर ९ मिमीचं. लोन वुल्फ आणि केकेएम या दोघांच्याही नळ्या या कामाला चांगल्या. त्यांत ग्लॉकच्या पॉलिगोनल, म्हणजे गोल कडांच्या, खाचांऐवजी साधं रायफलिंग असल्याने शिशाच्या गोळ्याही चालतात, हा वरचा फायदा. नळी बसवल्यावर गो गेजवर (चेंबरची खोली तपासायचं माप) स्लाइड पूर्ण बंद झाली पाहिजे आणि नो-गोवर होता कामा नये. ९ मिमीचं काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकतं, त्यामुळे ही तपासणी टाळायची नाही.

आता चिमणी. ११५ ग्रेन वजनाच्या गोळीच्या साध्या टार्गेट काडतुसांवर दर ५० मध्ये चार-पाच वेळा अडकत होती. जी बाहेर पडत ती पुंगळीही कधी उजवीकडे, कधी सरळ कपाळावर. हिशेब मांडला तर स्प्रिंगवर संशय जाणं साहजिक आहे. .४० ची १८० ग्रेनची गोळी साधारण ९८५ फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, म्हणजे पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १७७ च्या आसपास. ११५ ग्रेन ११५० ने निघाली तर तो १३२. .४० च्या धक्क्याला बेतलेल्या स्लाइडला एक चतुर्थांश कमी ढकल मिळते, ती पुरेशी मागे जात नाही, पुंगळी बाहेर पडण्याआधीच परत येते. पटण्यासारखं आहे. म्हणून १७ पौंडांची स्प्रिंग काढून १५ पौंडांची घातली. अडकणं थोडं कमी झालं, पण थांबलं नाही, आणि पुंगळ्यांची दिशा तशीच भरकटलेली राहिली. खरी खूण तीच होती. स्लाइड नुसती आळशी असती तर पुंगळ्या जवळ पडल्या असत्या, पण एकाच बाजूला पडल्या असत्या. चारही दिशांना उडतात तेव्हा पुंगळीवरची पकडच ढिली असते.

एक चाचणी सगळ्यांनी करावी. तिला दारूगोळा लागत नाही. स्लाइड उतरवा, नळी आणि स्प्रिंग काढा. झाडलेली रिकामी पुंगळी खालून वर सरकवत ब्रीच-फेसवर (काडतुसाचं बूड टेकतं ती स्लाइडची बाजू) नखीखाली आणा आणि स्लाइड हातात धरून हलकेच हलवा. .४० ची पुंगळी घट्ट बसते, हलवली तरी जागची हलत नाही. ९ मिमीची घातली तर ती डुलते, मान टाकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला टणकन टेबलावर पडते. मापं पाहिली की कारण कळतं. .४० च्या पुंगळीच्या रिमचा (बुडाच्या कडेचा) व्यास १०.७७ मिमी, ९ मिमीचा ९.९६. फरक ०.८१ मिमी. ब्रीच-फेस मात्र .४० च्या मापाचाच कापलेला. .४० चा एक्स्ट्रॅक्टर आत येऊन आपल्या टेकूवर थांबतो, पुढे जात नाही. ९ मिमीची रिम त्याच्या नखीत अडकते खरी, पण दाबली जात नाही. इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा दांडा) मागून धक्का देतो तेव्हा पुंगळीने नखीभोवती गर्रकन फिरायला हवं. ढिली पुंगळी फिरण्याऐवजी घसरते.

मॅगझिन लावलेलं असताना हे झाकलं जातं, कारण खालचं काडतूस पुंगळीला आधार देतं. म्हणून दुसरी चाचणी रेंजवर करा: चेंबरमध्ये एकच काडतूस, मॅगझिन काढलेलं, आणि झाडायचं. असं पाच-सहा वेळा. जुन्या एक्स्ट्रॅक्टरवर सहापैकी तीन पुंगळ्या मॅगझिनच्या विहिरीतून खाली पडल्या. तिथेच निदान झालं.

इलाज म्हणजे ९ मिमीचा एक्स्ट्रॅक्टर. त्याची नखी आत जास्त पोचते. घेताना दोन गोष्टी बघा. १५ अंश आणि ९० अंश अशा दोन जाती आहेत, आपल्या स्लाइडच्या कापाशी जुळणारीच घ्या. आणि भरल्याची खूण देणारा एक्स्ट्रॅक्टर असेल तर त्याच्या स्प्रिंगच्या टोकाचं प्लास्टिकचं बेअरिंगही त्याच जातीचं हवं, नाहीतर ताण चुकतो. इथे मूळ ग्लॉकचाच भाग घ्यावा. या एका भागात पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

बदलणं दहा मिनिटांचं काम. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, डोळ्यांवर चष्मा लावा. फायरिंग पिनभोवतीची प्लास्टिकची स्लीव्ह पंचने खाली दाबून मागची प्लेट सरकवायची. अंगठा प्लेटवर ठेवा, नाहीतर स्प्रिंग उडते. फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टरचा प्लंजर बाहेर काढा, फायरिंग पिन सेफ्टी दाबली की एक्स्ट्रॅक्टर आपोआप सुटतो. तिथली खाच काड्यांनी साफ करा. पोलीस वापराच्या पिस्तुलात तिथे काजळीचा थर दगडासारखा बसलेला असतो. तेल घालू नका.

नव्या नखीत ९ मिमीची पुंगळी हलवूनही पडली नाही. हलकं बोट लावल्यावरच सरकली. विनामॅगझिन चाचणीत सहाच्या सहा पुंगळ्या उजवीकडे, हातभर अंतरात.

इजेक्टर अजून .४० चाच आहे. ९ मिमीचा, ३३६ क्रमांकाचा, ट्रिगर हाउसिंगसकट आणून ठेवला होता. तो उद्या बसवायचा बेत होता, पण हे लिहितानाच वाटतंय की थांबावं. चालतंय त्यात एक भाग आणखी बदलला आणि काही बिघडलं तर कुणामुळे ते कळणार नाही. त्याऐवजी आधी १५ ची स्प्रिंग काढून १७ ची परत घातली. वरच्या २०० गोळ्या या मूळ स्प्रिंगवरच्या आहेत, शंभर ११५ ग्रेनच्या आणि शंभर १२४ ग्रेनच्या. हलकी स्प्रिंग ज्यांना ठेवायचीच आहे त्यांनी हे करावं: पिस्तूल रिकामं, ट्रिगर दाबून धरलेला, नळी ४५ अंश वर, स्लाइड मागे ओढून हळूहळू सोडा. ती पूर्ण बंद झाली नाही तर स्प्रिंग कमजोर आहे.

मॅगझिनबद्दल फार लिहित नाही. .४० च्या मॅगझिनचे ओठ रुंद, ९ मिमीचं काडतूस त्यात नीट बसत नाही. जी-१७ चंच वापरा. न्यू जर्सीत १० काडतुसांचं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. स्लाइडवर अजूनही .४० कोरलेलं आहे. .४० चं काडतूस ९ मिमीच्या चेंबरमध्ये जातच नाही, पण उलटं होऊ शकतं: .४० ची नळी परत बसवली आणि पेटीत ९ मिमी राहिलं, तर नखीच्या आधारावर ते काडतूस फुटू शकतं आणि सैल चेंबरमध्ये पुंगळी चिरते. हूडवर रंगाची ठळक खूण करा, आणि रेंजच्या पिशवीत एका वेळी एकाच कॅलिबरची काडतुसं ठेवा.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात शस्त्र म्हणजे फ्रेम, नळी नव्हे. तरी आपल्या राज्याचा नियम वाचूनच मागवा. भारतातल्या वाचकांनी हे फक्त वाचावं. ९ मिमी तिथे प्रतिबंधित बोअर आहे, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र कन्व्हर्ट करणं हाच गुन्हा.

पुढचा बेत १४७ ग्रेनचा होता, तो मागे ढकलला आहे. त्याआधी .३५७ सिगची नळी. ते काडतूस .४० च्याच पुंगळीवर गळा आवळून बनलेलं, रिम तीच, मॅगझिन तेच; मात्र दाबाची कमाल मर्यादा ३५,००० ऐवजी ४०,००० पीएसआय. त्यासाठी .४० चा जुना एक्स्ट्रॅक्टर परत घालावा लागेल. तो डबीत चिठ्ठी लावून ठेवला आहे.