दोनदा वायनरी पाहिली, एकदाच कळली

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. मागच्या दारातून पाय बाहेर टाकला की थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची बाग. गोडी छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, कडाक्याच्या थंडीत रात्री बागेत पेटवलेल्या शेकोट्या, हे सगळं बघत मी वाढले. पण वाइन म्हणजे काय, हे चाळिशी ओलांडेपर्यंत मला माहीत नव्हतं. नाना माळकरी, त्यामुळे घरात तो विषयच नाही. 2005 मध्ये सुला या वाइन कंपनीने गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखायची जागा, उघडली, तेव्हा लग्न होऊन मी पुण्यात आले होते. गावाकडे त्याबद्दल एवढंच कानावर यायचं की मुंबईचे लोक गाड्या भरून द्राक्षाची दारू प्यायला येतात.

गेल्या दीड वर्षात मी दोनदा वायनरी, म्हणजे वाइन बनवतात ती जागा, बघायला गेले. पहिली फेरी वाया गेली, आणि त्यात बराचसा दोष वेळ निवडण्याचा होता. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टमधल्या एका शनिवारी, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर. पाऊस, धुकं, हिरवे डोंगर, फोटो सुरेख आले. पण ऑगस्टमध्ये बागेत बघायला काय असतं? आपल्याकडे द्राक्षाची छाटणी दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर पावसाळाभर नुसती काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि फळ येतं ते त्या छाटणीवर. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे ऑगस्टात वेलीवर फक्त पानं. बागाईतदाराची मुलगी असून हे माझ्या लक्षात येऊ नये, याचं मला अजून वाईट वाटतं. टाक्याही शांत होत्या, कारण पिळायला द्राक्षंच नव्हती.

आमच्या गटात चाळीसेक माणसं. गाइड माइकवर बोलत होता, मागे उभ्या असलेल्या आम्हाला निम्मं ऐकू येत नव्हतं. वरच्या गॅलरीतून टाक्या दाखवल्या, काचेतून लाकडी पिंपं दाखवली, वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही काउंटरवर. एकीने विचारलं, "रेड वाइन लाल कशामुळे होते?" उत्तर आलं, "काळ्या द्राक्षांमुळे," आणि पुढचा ग्लास. हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं मला सहा महिन्यांनी कळलं. गाइड सांगत होता की यात स्ट्रॉबेरी आहे, यात व्हॅनिला आहे. मला काहीच येत नव्हतं. येणार तरी कसं? तासाभरापूर्वी आम्ही झणझणीत मिसळ खाऊन आलो होतो, जीभ अजून चुरचुरत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने भरपूर अत्तर लावलं होतं. परत येताना मी मनाशी ठरवून टाकलं की ही चव ओळखायची जीभ आपल्याकडे नाही.

पुन्हा गेले ती दादामुळे. दिवाळीत तो म्हणाला, "एखाद्या एकरात वाइनची द्राक्षं लावावी का, असं डोक्यात आहे. करार करतात म्हणे. तू गेली होतीस ना, काय बघितलंस?" माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा ठरवलं की या वेळी नीट चौकशी करायची आणि त्याला घेऊनच जायचं.

चौकशी म्हणजे फोन. प्रत्येक ठिकाणी मी तेच विचारलं: तोडणी चालू असेल तो आठवडा कोणता? एका गटात किती लोक? बागेत प्रत्यक्ष चालत नेता का? मराठीत सांगणारं कुणी आहे का? दोन ठिकाणी ऐकायला मिळालं, "दर तासाला टूर असते, ऑनलाइन तिकीट काढा." तिसरी जागा इगतपुरीकडची, लहानशी. तिथल्या माणसाने फोन धरून ठेवायला सांगितला, आतून एका मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शिराझची, लाल वाइनच्या काळ्या द्राक्षांची, तोडणी धरली आहे. मंगळवारी सकाळी लवकर या, शनिवार-रविवार नको." या एका फोनने अर्धं काम केलं. टूर विकणारा आणि टूर दाखवणारा यांतला फरक फोनवरच कळतो, असं माझं मत झालं आहे.

निघण्याआधीच्या काही गोष्टी. आपल्या राज्यात मद्य घ्यायला कायद्याने परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो, त्याबद्दल फोनवरच विचारून ठेवावं. वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावं. ड्राय डे कॅलेंडरवर बघून घ्यावा, नाहीतर नुसती बाग बघून परत यावं लागेल. गाडी चालवणाऱ्याने वाइन गिळायची नाही, हे घरूनच ठरवून निघावं. दादाने ते स्वतःकडे घेतलं. आणि नाश्त्याला साधे पोहे, मिरची कमी. अत्तर नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजत होते आणि तोडणी पहाटेपासून सुरू होती. थंडीत तोडलेला माल ताजा राहतो, ऊन चढलं की मणी तापतात आणि रस क्रेटमध्येच आंबायला लागतो. आम्ही सहाच जण होतो. ती मुलगी, पंचविशीची असेल, आम्हाला थेट ओळीत घेऊन गेली.

दादा तिथे जो थांबला तो हलेना. आमच्याकडे घड मोठा आणि मणी फुगलेला करण्यासाठी काय काय करावं लागतं! इथे घड मुठीएवढे, मणी बोराच्या बीएवढे, सालं जाड, आत बिया. वेली मांडवावर नाहीत, तारांवर सरळ उभ्या बांधलेल्या. फळ मुद्दाम कमी धरलेलं. दादाने विचारलं, "ताई, फुगवणीला काही देत नाही?" ती म्हणाली, "नाही. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत असतं. फुगलेल्या मण्यात पाणी जास्त." मग तिने रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, त्याच्या हातात दिला. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास ब्रिक्स (साखरेचं माप) आली की आम्ही व्यापाऱ्याला फोन करतो. इथे चोवीस दिसत होती. तिने समजावलं की यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं, ब्रिक्सच्या साधारण निम्म्याहून थोडं जास्त. म्हणून बाटलीवर जे साडेतेरा टक्के लिहिलेलं असतं, ते या वेलीवरच ठरलेलं असतं.

आणि तिने एक मणी फोडून बी दाखवली. हिरवी असेल तर कच्ची, चावली की कडू. तपकिरी झाली आणि दाताखाली कुडुम वाजली की पिकली. नुसती साखर बघून ते तोडत नाहीत, बीही बघतात. दादा तीस वर्षं द्राक्षं पिकवतो. बिनबियांचीच पिकवली, त्यामुळे बी कधी बघावीच लागली नव्हती. त्याने दोन-तीन घडांतले मणी घेऊन स्वतः चावून पाहिले.

आत गेल्यावर क्रेट एका पट्ट्यावर रिकामे होत होते. बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहून पानं, सुकलेले मणी, भुरी रोग आलेला माल काढून टाकत होत्या. पुढे एक यंत्र देठ वेगळे करतं. इथे तिने मला पहिल्या फेरीतलं राहिलेलं अर्धं उत्तर दिलं. काळा मणी तिने माझ्या तळहातावर पिळला. रस जवळजवळ पांढरा! रंग रसात नाही, सालीत आहे. म्हणून पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं लगेच पिळतात आणि नुसता रस आंबवतात. लाल वाइनसाठी साल-बियांसकट आंबवतात, आणि रंग हळूहळू उतरतो. रोझे म्हणजे काही तासच सालीबरोबर ठेवलेला रस. एवढी साधी गोष्ट, पण हातावर पिळून दाखवली म्हणून कायमची लक्षात राहिली.

टाक्यांच्या खोलीत वास असा होता की मला गुऱ्हाळ आणि आंबवलेलं इडलीचं पीठ एकदम आठवलं. स्टीलच्या टाक्यांना थंड पाण्याचं वेष्टण असतं. पांढरी वाइन बारा ते सोळा अंशांत सावकाश आंबवतात, नाहीतर फळाचा वास उडून जातो. लाल त्याहून उबेत, पंचविशीच्या आसपास. लाल वाइनच्या टाकीत सालींचा जाड थर वर तरंगून येतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वरून सोडतात. आमच्यासमोरच तो पाइप सुरू झाला. जांभळा, फेसाळ धबधबा. टाकीत डोकावू नका, असं तिने बजावलं. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीत साठतो आणि माणूस गुदमरून पडू शकतो.

पिंपांबद्दल थोडक्यात: ओकची, 225 लिटरची, लाकडातून थोडी वाइन उडत राहते म्हणून वरचेवर भरून घ्यावी लागते. व्हॅनिलाचा वास येतो तो या लाकडाचा. वाइनमध्ये कुणी व्हॅनिला घालत नाही. ऑगस्टपासून मी तसंच समजत होते.

मग चाखणी. पाच वाइन, प्रत्येकी तीसेक मिली, म्हणजे सगळं मिळून एक ग्लासभर. क्रम ठरलेला: फसफसणारी, मग पांढऱ्या, मग रोझे, मग लाल. उलट केलं तर लाल वाइनच्या तुरटपणानंतर पांढरीची नाजूक चव लागतच नाही. टेबलावर थुंकायचं भांडं होतं. मला संकोच वाटत होता, समोरच्याने प्रेमाने दिलेलं थुंकायचं कसं? ती म्हणाली, "मी दिवसाला चार गट घेते, गिळलं तर दुपारी उभी राहू शकणार नाही. इथे थुंकणं म्हणजे चव नीट घेणं." दादाने सगळ्या तशाच घेतल्या. तोंडात घोळवायची, थोडी हवा ओढायची, थुंकायची.

तिने आधीच सांगून टाकलं की मी वासाची नावं सांगणार नाही, तुम्ही सांगा, आणि घरातली नावं सांगा. शेना ब्लांक ही पांढरी वाइन हुंगून मी म्हटलं, पिकायला आलेला पेरू. सोव्हिन्यो ब्लांक या दुसऱ्या पांढरीला दादा पटकन म्हणाला, "ढोबळी मिरची कापल्यासारखं. आणि ओलं गवत." ती हसली. जाणकारही हेच म्हणतात, आणि दोन्हींत वासाचं एकच द्रव्य सापडतं. रोझेजवळ मी अडले, काहीच सुचेना, आणि तिने सुचू दिलंही नाही, पुढे गेली. शिराझला मिरे आणि जांभूळ. घोट घेतला आणि हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. तिने विचारलं, याला काय म्हणाल? मी म्हटलं, तुरट. सहा रसांतला एक रस, लहान मुलालाही माहीत असलेला शब्द. हा तुरटपणा ज्याचा, ते "टॅनिन, टॅनिन" ऑगस्टात ऐकून मी नुसती मान हलवली होती. आमच्या जिल्ह्यात पिकणाऱ्या गोष्टीची चव आमच्याच भाषेत विचारली की सांगता येते, याचा मला त्या टेबलावर फार आनंद झाला. नाशिकच्या प्रत्येक वायनरीत रोज निदान एक टूर तरी मराठीत असावी, असं मला मनापासून वाटतं. आसपासच्या गावांतली माणसं वायनऱ्यांना द्राक्षं देतात, तिथे तोडणीला येतात, पण पाहुणे म्हणून त्या टेबलाशी फारशी बसत नाहीत.

दादाने शेवटी त्याचा प्रश्न विचारलाच. करार मोडला तर? 2008-09 च्या मंदीनंतर कितीतरी वायनऱ्या अडचणीत आल्या आणि लोकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. थॉमसन एकाने नाकारली तर दुसरा व्यापारी येतो, बाजार आहे, बेदाणा आहे. हा बियांचा बारका मणी बाजारात कोण घेणार? तिने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाली, "खरं आहे. करार किती वर्षांचा, दर साखरेवर की वजनावर, माल नाकारायचा हक्क कुणाला, हे लिहून घेतल्याशिवाय लावू नका." दादाने अजून लावलेली नाहीत. वहीत दोन्ही बागांचा खर्च मांडून ठेवला आहे.

निघताना तिने एका जुन्या क्रेटमधले चार घड कागदात बांधून दिले. संध्याकाळी निफाडला पोहोचलो. नाना ओट्यावर बसले होते. दादाने कुठले घड ते सांगितलं. नानांनी क्षणभर विचार केला, म्हणाले, "द्राक्षच आहे ना अजून?" आणि एक मणी तोंडात टाकला. साल चावली, तोंड जरासं वाकडं केलं, मग बी तळहातावर काढून दिव्याखाली धरली. आम्ही काही सांगायच्या आत म्हणाले, "चांगली पिकलीय."